उजेडाचा आवाज आणि आईची बोटं

गेल्या शनिवारी आईला घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. आमची दर तीन महिन्यांची वारी. वेळ दिलेली साडेदहाची, आत बोलावलं सव्वाबाराला. तेवढ्या वेळात आईने शेजारच्या बाईंशी ओळख काढून त्यांच्या सुनेच्या नोकरीपर्यंतची चौकशी पूर्ण केली, आणि मी मोबाइलवर एक पेपर वाचत बसलो. पेपर म्हणजे वर्तमानपत्र नाही, शोधनिबंध. त्याने डोक्यात जो किडा सोडला तो आठवडाभर वळवळतोय, म्हणून आज तुमच्या माथी मारतोय. थोडं फिजिक्स आहे, थोडी कटकट आहे. चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमला होतो आणि कॅम्पसमधून उचलल्यावर बाकीच्यांसारखाच सॉफ्टवेअरमध्ये आलो. इंजिनिअरिंगला घोकलेलं सिग्नल प्रोसेसिंग नोकरीत एकदाही लागलं नाही. ते पहिल्यांदा लागलं त्या वेटिंग रूममध्ये.

आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. मराठीत आमवात. पण बोलताना आपण सगळ्याच सांधेदुखीला 'संधिवात' म्हणून मोकळे होतो आणि तिथेच घोळ होतो. वयाने गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. इथे शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आणि वेळेत थांबवलं नाही तर शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं. कुरतडलेलं हाड परत भरून येत नाही. दर दोनशे माणसांत एखाद-दुसऱ्याला हा आजार असतो, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट. म्हणजे तुमच्या सोसायटीत कोणीतरी नक्की असणार.

आईचं सुरू झालं ते पोळ्या लाटताना. मग बरणीचं झाकण उघडेना. मग सकाळी उठल्यावर तास-तासभर बोटं वळेनात. जवळजवळ दीड वर्ष आम्ही 'वय झालं', 'पाळी जाण्याच्या वेळचं असेल', 'कॅल्शियम कमी असेल' यात घालवलं. मध्ये एकदा हाताचा एक्स-रे काढला. नॉर्मल आला. नॉर्मल आला म्हणून येताना आम्ही आंबा बर्फी घेऊन आलो!

आता कळतं की तो एक्स-रे नॉर्मलच येणार होता. एक्स-रेला हाड दिसतं. सुजलेलं अस्तर, त्यातलं रक्त हे त्याला जवळपास दिसत नाही. हाड कुरतडलं गेलं की मग दिसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पूर्ण झोपल्यावर येणारी अलर्टची मेल. खरी असते, पण तोवर काय उपयोग?

पुढे योग्य डॉक्टर मिळाल्या. त्यांनी रक्ताच्या तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "काकू, हाताची सोनोग्राफी करू." आई माझ्याकडे बघायला लागली. तिच्या लेखी सोनोग्राफी फक्त पोटाची. त्यात दवाखान्याच्या भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी. "अरे, सांध्यांच्या दवाखान्यात ही पाटी कशाला?" ती मला हळूच म्हणाली. तेव्हा हसलो होतो. या पाटीकडे शेवटी परत यायचंय, लक्षात ठेवा.

तर बोटांवर भरपूर जेल थापून डॉक्टरांनी प्रोब टेकवला आणि स्क्रीनवर काळ्या-करड्या चित्रात केशरी ठिपके लुकलुकायला लागले. याला पॉवर डॉप्लर म्हणतात. हलणाऱ्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनिलहरींत जो फरक पडतो तो रंगवून दाखवतात. निरोगी सांध्याच्या अस्तरात एवढं रक्त खेळत नाही. आईच्या चार बोटांत दिवाळी होती. त्या दिवशी दीड वर्षाचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला.

मग आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि खरं सांगायचं तर आई बरीच बरी आहे. पोळ्या लाटते. पण हा आजार मुळापासून जात नाही, त्याला शांत ठेवायचं असतं. त्यामुळे दर तीन महिन्यांनी प्रश्न एकच: आत्ता तो शांत आहे का? त्यासाठी डॉक्टर एकेक सांधा दाबून बघतात, कुठे दुखतं, कुठे सूज आहे ते मोजतात, त्यात रक्ताचा रिपोर्ट आणि पेशंटचं स्वतःचं मत मिसळून एक आकडा काढतात. सांधे बघायचे अठ्ठावीस, म्हणून त्याचं नाव डास-२८. आईला हे नाव भयंकर आवडलंय. "चल, डास मोजून येऊ," असं म्हणूनच ती घरातून निघते.

गेल्या शनिवारी डास मोजताना उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं मूळ दुखलं. चांगलंच. रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ. सोनोग्राफी केली, अस्तर थोडं जाड वाटतंय पण केशरी ठिपका एकही नाही. डॉक्टर दोन मिनिटं प्रोब इकडेतिकडे फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "काकू, आत खरंच सूज पेटलीय की जुनं दुखणं आहे, हे मला आज खात्रीने सांगता येत नाहीये. सहा आठवड्यांनी परत बघू."

मला त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं. पण गाडी चालवताना डोक्यात तेच. डोस वाढवला आणि गरज नसेल, तर यकृतावर आणि प्रतिकारशक्तीवर उगाच भार. नाही वाढवला आणि आत आग धुमसत असेल, तर सहा आठवडे हाड कुरतडलं जाणार. इथे माहिती कमी पडतेय, डॉक्टर नाही.

आणि मी जो पेपर वाचत होतो तो नेमका याच्यावर होता!

एक प्रयोग करा. लाइट गेल्यावर लहानपणी सगळ्यांनी केलेला आहे. अंधारात टॉर्च बोटांच्या मागे धरा. बोटं लालभडक दिसतात. पण बोटात हाड आहे ना? मग त्याची सावली का दिसत नाही? कारण उजेड आत शिरतो खरा, पण पेशींवर आपटून इतका विखुरतो की एखाद-दुसऱ्या मिलिमीटरनंतर कुठला किरण कुठून आला याचा पत्ताच राहत नाही. दाट धुक्यात घाटात हेडलाइट लावल्यासारखं. सगळीकडे उजेड, पण वळण दिसत नाही.

तरी उजेडाकडे एक मोठी गोष्ट आहे, त्याला रंग कळतो. रक्तातलं हिमोग्लोबिन कुठला रंग किती शोषतं ते ठरलेलं आहे, आणि ऑक्सिजन घेतलेलं व न घेतलेलं हिमोग्लोबिन वेगवेगळं शोषतं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला लावलेला तो ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो. एक लाल, एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना काढली. २०२० च्या एप्रिलमध्ये ते वारले, नेमकं जग त्यांचं यंत्र शोधत मेडिकलच्या दुकानांसमोर रांगा लावत होतं तेव्हा.

म्हणजे उजेडाला 'काय आहे' ते कळतं, पण 'कुठे आहे' ते कळत नाही. सोनोग्राफीचं बरोबर उलटं. ध्वनिलहरी शरीरात फारशा विखुरत नाहीत, त्यामुळे 'कुठे' ते मिलिमीटरच्या आत कळतं. पण रक्ताचा रंग, त्यातला ऑक्सिजन, हे त्यांना काही समजत नाही. डॉप्लरला फक्त हालचाल समजते, आणि तीही पुरेशी वेगवान. अगदी बारीक वाहिन्यांतून रांगत जाणारं रक्त हात हलल्याच्या गोंधळात मिसळून गाळलं जातं. लॉगमधला नॉइज काढायला फिल्टर लावला आणि खरी एरर त्यातच गेली, असं आपलं कधी झालंय का? तसंच. प्रोब जरा जोरात दाबला तर बारीक वाहिन्या चेपतात आणि ठिपके गायब. म्हणून तर तेवढं जेल.

आता दोघांची सांगड घालायची. आत पाठवायचा उजेड, बाहेर ऐकायचा आवाज.

आवाज कसा येईल? आकाशात येतो तसा. वीज चमकते, भोवतालची हवा क्षणात प्रचंड तापते, फुगते आणि त्या फुगण्याचा धक्का म्हणजे गडगडाट. बोटात हेच करायचं, अर्थात कोट्यवधी पट सौम्य. लेसरचा पाच-दहा नॅनोसेकंदांचा झपका मारायचा. रक्त तो उजेड शोषतं आणि किंचित तापतं, किती तर अंशाच्या हजाराव्या भागाइतकं. पेशंटला काही कळतसुद्धा नाही. पण तेवढ्यानेही आत साधारण ८०० पास्कलचा दाब तयार होतो आणि त्याची अल्ट्रासाउंड लहर बाहेर निघते. झपका इतका छोटा ठेवायचा कारण दाब पसरून जाण्याआधी तो संपायला हवा. टाळी वाजवावी तसा, ढकलल्यासारखा नाही.

पुढचं तर आपण लहानपणीच शिकलोय. वीज चमकल्यावर एक, दोन, तीन मोजायचं आणि वीज किती लांब पडली ते ओळखायचं. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५४० मीटर. रक्त दीड सेंटिमीटर खोल असेल तर आवाज दहा मायक्रोसेकंदांत पोचतो. साध्या सोनोग्राफीत आवाज जातो आणि परत येतो, म्हणून वेळेला दोनने भागायचं. इथे जाताना उजेड आहे, त्याला वेळ लागतच नाही म्हणा ना, म्हणून भागायचं नाही. बाकी प्रोब तोच, तारा त्याच, गणितही जवळजवळ तेच! एकाच प्रोबने आधी साधी सोनोग्राफी काढायची, त्यात हाड आणि अस्तर कुठे ते बघायचं, आणि त्याच्यावर रक्ताचं हे चित्र पांघरायचं. दोन वेगळ्या रंगांचे झपके मारले, समजा ७५० आणि ८५० नॅनोमीटर, तर त्या रक्तात ऑक्सिजन किती तेही काढता येतं. हे महत्त्वाचं, कारण पेटलेलं अस्तर इतकं भराभर वाढतं की रक्तपुरवठा वाढूनही त्याला ऑक्सिजन पुरत नाही. रक्त जास्त, ऑक्सिजन कमी. अशी जोडखूण सापडली तर पेटलेला सांधा नुसत्या दुखऱ्या सांध्यापासून वेगळा ओळखता येईल.

याला फोटोअकूस्टिक इमेजिंग म्हणतात. मी आपलं त्याला 'उजेडाचा आवाज' म्हणतो.

मूळ कल्पना नवीन नाही. १८८० मध्ये टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल सूर्यप्रकाशाच्या झोतावरून बोलणं पाठवायच्या खटपटीत होते. त्यात त्यांच्या लक्षात आलं की तुकड्या-तुकड्याने पडणारा उजेड नुसत्या चकतीवर पाडला तरी ती चकती आवाज करते. पुढच्याच वर्षी एका जर्मन प्राध्यापकाने वायूंमध्ये हाच परिणाम दाखवला. त्याचं नाव विल्हेल्म रॉन्टजेन. याच माणसाने १८९५ मध्ये एक्स-रे शोधले आणि बायकोच्या हाताची हाडं, बोटातल्या अंगठीसकट, जगाला दाखवली. गंमत बघा. हाताच्या आत डोकावायचे दोन रस्ते एकाच माणसाच्या हातून गेले. एक लगेच हमरस्ता झाला, दुसरा शंभर वर्षं पडून राहिला. कारण त्याला लेसर हवा होता, संवेदनशील प्रोब हवा होता आणि कॉम्प्युटर हवा होता.

हे सगळं जुळून आलं १९९० च्या दशकात. २००३ मध्ये श्युएडिंग वांग आणि सहकाऱ्यांनी 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'मध्ये उंदराच्या मेंदूतल्या रक्ताचं चित्र छापलं, कवटी न उघडता. पुढे हेच वांग अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात माणसाच्या बोटांच्या सांध्यांकडे वळले. आणि बोट ही जागा अगदी योग्य. अस्तर कातडीखाली मिलिमीटरांत मोजण्याइतकं जवळ, उजेड तिथवर आरामात पोचतो. गुडघा अवघड, खुबा तर विसराच.

मी वाचत होतो तो पेपर नेदरलँड्सच्या ट्वेन्टे विद्यापीठाच्या गटाचा, २०१७ चा. त्यांनी लेसर थेट हातात मावणाऱ्या प्रोबमध्येच बसवला आणि १० पेशंट व ७ निरोगी माणसांच्या बोटांचे मधले सांधे तपासले. सुजलेल्या सांध्याचा सिग्नल त्याच माणसाच्या दुसऱ्या हाताच्या शांत सांध्यापेक्षा चार ते दहा पट जास्त आला. डॉप्लरशी तो बऱ्यापैकी जुळला, पण तंतोतंत नाही. जिथे दोघांचं जुळत नाही तिथेच खरी गंमत आहे, कारण आईचं बोट नेमकं त्या फटीत अडकलंय. २०१८ मध्ये मिशिगनच्या गटाने लेसरऐवजी साधे एलईडी लावूनही सांध्याची सूज दिसते का ते पाहिलं, आणि दिसते. एलईडीचा झपका फार दुबळा, पण सेकंदाला काही हजार मारता येतात. शंभर झपक्यांची सरासरी घेतली की नॉइज दहापट कमी होतो, हे सेकंड इयरला आपण परीक्षेपुरतं पाठ केलेलं. एलईडी म्हणजे स्वस्त, लहान, आणि खोलीत सगळ्यांनी काळे गॉगल घालून बसायची गरज नाही. स्तनातल्या गाठींसाठी तर याच तत्त्वावरच्या एका यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ च्या जानेवारीत मंजुरीही दिली. म्हणजे हे विज्ञानकथेतलं राहिलेलं नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग आणा ना यंत्र. माझी कटकट इथून सुरू होते.

मिशिगनमधूनच २०२० च्या डिसेंबरमध्ये आणखी एक अभ्यास आला, ऑक्सिमीटरवर. ज्यांचं ऑक्सिमीटरवरचं रीडिंग ९२ ते ९६ होतं, म्हणजे 'ठीक आहे' म्हणावं असं, त्यांचं रक्त थेट धमनीतून काढून तपासलं. गोऱ्या पेशंटपैकी ३.६ टक्के मोजमापांत ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायक कमी निघाला. कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के. तिप्पट! ऑक्सिमीटर तेव्हा चाळीसेक वर्षं वापरात होता. रोज, जगभर. कातडीतलं मेलॅनिन उजेड शोषतं, हे काही गुपित नव्हतं. तरी एवढी वर्षं ही चूक मशीनच्या छोट्याशा स्क्रीनवर आत्मविश्वासाने चमकत राहिली.

उजेड वापरणाऱ्या कुठल्याही यंत्राला हा प्रश्न आहे, आणि सांध्याच्या या चित्रालाही. कातडी जितकी सावळी तितका उजेड वरच जास्त अडतो, आत कमी पोचतो. आतला सिग्नल क्षीण होतो, म्हणजे पेटलेला सांधा शांत वाटू शकतो. शिवाय मेलॅनिनने शोषलेला उजेडही आवाज करतोच. तो आवाज खाली जातो, हाडावर आपटतो, परत येतो आणि उशिरा पोचतो. यंत्राला वाटतं, हा खोलवरून आला. म्हणजे जिथे काही नाही तिथे रक्ताचा भास. आणि मेलॅनिन सगळे रंग सारखे अडवत नाही, त्यामुळे दोन रंगांची तुलना करून काढलेला ऑक्सिजनचा आकडाही ढळतो. एकाच कारणाने तीन बग, आणि तिघांची दिशा वेगळी.

यावर उपाय नाहीत असं नाही. कातडीचा रंग आधी मोजा, आत किती उजेड पोचला असेल त्याचं मॉडेल करा, त्याप्रमाणे दुरुस्ती करा, हाडावरून परतलेला आवाज ओळखून काढून टाका. हे सगळं सॉफ्टवेअर आहे. गणितही काही राक्षसी नाही. समजा प्रोबमध्ये १२८ कान आहेत, प्रत्येक सेकंदाला चार कोटी वेळा मोजतोय आणि आपल्याला चार सेंटिमीटरपर्यंतच बघायचंय. म्हणजे प्रत्येक झपक्यानंतर २६ मायक्रोसेकंद ऐकायचं. हिशोब करा, एका झपक्याचे एक लाख तेहतीस हजार आकडे. तुमच्या लॅपटॉपला हे चणे-फुटाणे आहेत. अडचण कोडची नाही, टेस्ट डेटाची आहे. ज्या कातडीवर चालवायचं त्या कातडीवर तपासल्याशिवाय दुरुस्ती बरोबर आहे हे कळणार कसं?

आपण ऑफिसमध्ये काय म्हणतो? 'माझ्या मशीनवर चालतंय.' आणि मग क्लायंटकडे आपटतं. ट्वेन्टेच्या आणि मिशिगनच्या लोकांना मी दोष देत नाहीये. त्यांनी दारात आलेले पेशंट तपासले, दुसरं काय करणार? पण आपल्याकडे कुठल्याही लग्नातला ग्रुप फोटो काढून बघा. एका कुटुंबात गोऱ्यापासून गडद सावळ्यापर्यंत सगळ्या छटा. हातावर मेंदी, ती वेगळीच. ही आपली टेस्ट केस. ती युरोपात कोणी लिहिणार नाही. आणि आपल्याकडे नेहमी होतं काय, तर यंत्र तिकडे पूर्ण तयार होतं, खोक्यातून इथे येतं, आपण त्याची किंमत कशी उतरवायची यावर भांडतो, आणि आकडा बरोबर आहे का हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: हे यंत्र बाजारात यायच्या आधी, म्हणजे आत्ता, त्याच्या चाचण्या इथल्या हातांवर व्हायला हव्यात. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ओपीडीत सांधेदुखीच्या पेशंटची रांग असते. त्यांच्या शेजारच्या गल्लीत इंजिनिअरिंग कॉलेज असतं. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं. एलईडीवाला सेटअप, वेगवेगळ्या वर्णाचे काहीशे पेशंट, सोबत डॉप्लर आणि डॉक्टरांची तपासणी, कातडीचा रंग मीटरने मोजून आकड्यात लिहिलेला (वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवरचं 'गहूवर्णी' चालणार नाही), आणि नावं काढून टाकलेला सगळा डेटा सगळ्यांसाठी खुला. निकाल सांगताना एक सरासरी सांगायची नाही, प्रत्येक छटेसाठी वेगळा सांगायचा. यात रॉकेट सायन्स काही नाही. याला फक्त कोणाला तरी गरज वाटायला हवी.

आता ती पाटी. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.'

गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ चा. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्र नोंदवावं लागतं, आणि हातात धरून कुठेही नेता येणाऱ्या यंत्रांवर तर आणखी कडक बंधनं आहेत. मी या कायद्याच्या विरोधात अजिबात नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. हे आकडे वाचल्यावर 'कायदा सैल करा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण उजेडाचा आवाज ऐकणारं यंत्र हेही शेवटी सोनोग्राफीचंच यंत्र. त्याची सगळी मजा ते लहान आणि हातात मावणारं असण्यात आहे. तालुक्याच्या गावी एखाद्या डॉक्टरने बॅगेतून काढून बोटावर टेकवावं आणि 'हा आमवात आहे, पुण्याला जा' असं पहिल्याच महिन्यात सांगावं, दीड वर्षानंतर नाही. आजच्या चौकटीत अशी बॅग घेऊन फिरणं म्हणजे आफत ओढवून घेणं. मग वाट काय? बोटांना लागतो तो प्रोब उच्च वारंवारितेचा, त्याची नजर तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे फारशी जात नाही. पोटातल्या गर्भापर्यंत पोचणं त्याला मुळातच जड. त्यावर यंत्र बनवतानाच खोलीची मर्यादा पक्की करून टाकायची. हार्डवेअरमध्ये, बरं का! सॉफ्टवेअरमधली सेटिंग काय, मीसुद्धा दहा मिनिटांत बदलून देईन. आणि अशी मर्यादा सिद्ध केलेल्या यंत्रांसाठी नियमांत वेगळी, तरीही नोंदणीची आणि तपासणीची चौकट आखायची. हे काम डॉक्टर, इंजिनिअर, वकील आणि मुलींसाठी लढणाऱ्या संघटना यांनी एकत्र बसून करायचं आहे. हेही आपल्यासाठी बाहेरचं कोणी करणार नाही. त्यांच्याकडे ही पाटीच नाही.

एक मित्र म्हणाला, "एवढं कशाला? आधी साधी सोनोग्राफी तरी वेळेत होऊ दे." शंभर टक्के मान्य. नवीन यंत्राची वाट बघत बसा असं मी म्हणतच नाहीये. उलट आत्ताच सांगतो: घरात कोणाची दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, सकाळी अर्धा-पाऊण तास आखडून राहत असतील आणि हे दीड महिना चाललं असेल, तर नॉर्मल एक्स-रेवर बर्फी वाटू नका. सरळ रुमॅटॉलॉजिस्टकडे जा. पहिले काही महिने फार मोलाचे असतात. आमचे गेले. पण साधी सोनोग्राफी वेळेत करूनही एक फट उरते, ती आम्ही गेल्या शनिवारी पाहिली. त्या फटीसाठी हे सगळं.

येताना गाडीत आईने विचारलंच, "एवढा वेळ काय वाचत होतास?" मी सांगितलं. वीज, गडगडाट, एक-दोन-तीन मोजणं, सगळं. तिला पटकन समजलं, माझ्या मॅनेजरपेक्षा पटकन. म्हणाली, "म्हणजे माझ्या बोटात इवलीशी वीज पाडायची आणि कान देऊन ऐकायचं."

"हो."

"आणि माझ्या रंगामुळे ऐकू येणार नाही म्हणतोस?" आई सावळी आहे. आजीने तिला लग्नात यावरून दोन शब्द ऐकवले होते, ते ती अजून विसरलेली नाही.

"येईल की. पण आधी कोणीतरी नीट तपासायला हवं."

"मग तपासा की," आई म्हणाली. "माझा हात घ्या. रिकामाच आहे."

असो. सहा आठवड्यांनी परत जायचंय. तुमच्यापैकी कोणी मेडिकल कॉलेजात किंवा इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये असेल, कोणाची ओळख असेल, तर जरूर कळवा. कोड मी लिहीन, वीकेंडला. एक हात तर मिळालाच आहे.